पेपरात शेजारचा देश कधी नुसता 'बोलत' का नाही? (मराठी पेपर वाचणाऱ्यांना आणि पेपरात काम केलेल्यांना प्रश्न)

मांद्र्याची_सून

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबडा आहे पण बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून सगळंच लिहिते.

आमची गोव्यात मांद्र्याला लहानशी खानावळ आहे, सासऱ्यांनी सुरू केलेली, दुपारी शीतकडीची थाळी आणि संध्याकाळी चहा-भजी. स्वयंपाकघरात सहा वर्षं नेपाळचा एक माणूस आहे, बागलुंगकडचा, आम्ही सगळे त्याला दाजू म्हणतो आणि तो मला दिदी म्हणतो. सकाळी पोदेर पाव देऊन गेला की मागोमाग पेपर येतो आणि दाजू कांदा चिरायला बसायच्या आधी पेपर उघडतो. नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात त्यामुळे तो मराठी पेपर अक्षर लावून वाचतो, निम्मे शब्द संस्कृतातले म्हणून त्याला आपोआप कळतात आणि उरलेले मला विचारतो. विचारलेला शब्द तो बाजाराच्या हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवतो, हे मला माहीत होतं पण मी ते पान कधी बघितलं नव्हतं.

२०२५ च्या सप्टेंबरात तिकडे जेन झी आंदोलन झालं, सरकार पडलं, तेव्हा पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नेपाळ पेटल्याची बातमी. दाजूने घाबरून गावी फोन लावला. आई फोनवर म्हणाली शेतात भात उभं आहे, पाऊस बरा आहे, तू जेवलास का. काठमांडूत खरंच माणसं गेली होती, संसदेची इमारत जाळली होती, ते काही खोटं नव्हतं. पण त्याच्या गावापर्यंत काही पेटलेलं नव्हतं. त्या दिवशी त्याने मला ते वहीचं पान दाखवलं. हळदीचे डाग पडलेल्या पानावर एकाखाली एक: खडसावले, सुनावले, कान टोचले, आगळीक, मुजोरी, कांगावा, बरळले, कुरापत. त्यातले पहिले तीन आपण नेपाळला करतो ते, आणि बाकीचे नेपाळ करतो ते. मग मला म्हणाला, "दिदी, तुमच्या पेपरात नेपाळ कधी नुसता बोलत का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. २०२० च्या मे महिन्यात नेपाळने कालापानी, लिपुलेख, लिंपियाधुरा स्वतःच्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला तेव्हा लॉकडाऊन होता, खानावळ बंद, दाजू आमच्या मागच्या खोलीत अडकलेला. तेव्हा मी पेपर वाचून त्याच्याशीच वाद घातला होता की तुमचा देश असा का वागतो म्हणून. त्याच्या आधी नोव्हेंबर २०१९ मध्ये आपणही नवा नकाशा काढला होता आणि ८ मे २०२० ला लिपुलेखकडे जाणाऱ्या रस्त्याचं उद्घाटन केलं होतं, त्यावरून तिकडे आरडाओरडा झाला, हे मला त्याने सांगितलं, आणि मी शोधून बघितलं तर तसंच होतं. कोणाचा दावा बरोबर यात मी पडत नाही, ते भांडण १८१६ च्या सुगौली तहापासूनचं आहे, काली नदीचा उगम नेमका कुठला यावरून. मला खुपलं ते एवढंच, की रोज पेपर वाचूनसुद्धा असा काही जुना वाद आहे हेच मला ठाऊक नव्हतं, मला फक्त मुजोरी ठाऊक होती.

तर विचारायचं हे की असे शब्द मुद्दाम निवडतात का सवयीने येतात? आणि त्याने खरंच काही फरक पडतो का मीच जास्त विचार करतेय? कोणी पेपरात काम केलं असेल तर कृपया सांगा.

जुना_डेस्कवाला

ताई, दाजूच्या वहीचं ते पान मी वीस वर्षांपूर्वी बघायला हवं होतं. मी पणजीत एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून मथळे द्यायच्या टेबलावर, १९ वर्षं काढली, देश-विदेशचं पान बहुतेक रात्री माझ्याकडेच असायचं, त्यामुळे तुमच्या प्रश्नातले निम्मे शब्द माझ्या हातून गेलेत.

काम कसं चालतं ते सांगतो. आमचा माणूस काठमांडूत नाही, कोलंबोत नाही, ढाक्यात नाही, कुठल्याच परक्या राजधानीत नाही. एजन्सीची (बातम्या पुरवणाऱ्या संस्थेची) इंग्रजी कॉपी येते, ती बहुतेक दिल्लीत लिहिलेली किंवा लंडन-न्यूयॉर्कहून दिल्लीमार्गे आलेली. म्हणजे नेपाळची बातमी गोव्यात पोचेपर्यंत ती नेपाळच्या डोळ्यांनी बघितलेली नसतेच. (युनेस्कोच्या मॅकब्राइड आयोगाने १९८० मध्ये हीच तक्रार जगभरच्या गरीब देशांच्या वतीने मांडली होती, त्या आयोगावर आपले पत्रकार बी. जी. वर्गीजही होते. आम्ही त्यावर अग्रलेख छापले असतील पण डेस्कवर काही बदललं नाही.) तर रात्री साडेदहाला कॉपी येते, अकराला पान सोडायचं असतं. इंग्रजी कॉपीत साधं कोरडं 'सेड' असतं, अमुक म्हणाले, तमुक म्हणाले. आम्हाला सीनियरांनी शिकवलेलं की मथळ्यात 'म्हणाले' आलं की मथळा मेला. त्यात जागा दोन कॉलम, अक्षरं मोजून. 'भारताने नेपाळला खडसावले' बरोब्बर बसतं आणि वाचणारा थांबतो. 'सीमेबाबतच्या प्रश्नावर भारताने आपली भूमिका पुन्हा मांडली' बसतही नाही आणि कोणी वाचतही नाही.

मुद्दाम का? निदान आमच्याकडे कोणी वरून सांगितलेलं मला आठवत नाही. पण आपला मंत्री 'स्पष्ट करतो', मित्रदेशाचा 'सांगतो', अनोळखी देशाचा 'दावा करतो' आणि भांडण असलेल्या देशाचा 'कांगावा करतो', ही उतरंड आमच्या बोटांत इतकी बसलेली होती की टाइप करताना डोक्याची गरजच लागायची नाही. चौघांनी एकच वाक्य उच्चारलेलं असलं तरी. आणि वाचणाऱ्याला त्या क्रियापदातच कळतं की यावर विश्वास ठेवायचा का नाही, पुढचं वाक्य त्याने वाचायची गरजच उरत नाही. विशेषणं आम्ही कापायचो, संपादक रागवायचे विशेषणावर. क्रियापदावर कोणी कधी बोट ठेवलं नाही.

एक गोष्ट माझी स्वतःची. २०१५ च्या २० सप्टेंबरला नेपाळची नवी राज्यघटना लागू झाली, भारताच्या सीमेलगत राहणाऱ्या मधेशी लोकांचं आंदोलन पेटलं आणि रक्सौल-वीरगंजच्या नाक्यावर ट्रक अडकले. पेट्रोल, गॅस, औषधं बरंचसं तिथूनच जायचं. नेपाळ सरकार म्हणत होतं ही भारताने केलेली नाकाबंदी आहे, दिल्ली म्हणत होती आम्ही काही अडवलेलं नाही, तिकडच्या आंदोलनामुळे ट्रकवाले जायला घाबरतात. काही महिने चाललं ते, हिवाळ्यात काठमांडूत लोक लाकडं पेटवून जेवण करत होते आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये भूकंपात त्यांची घरं पडलेली होती. मी मथळा केला, 'नेपाळमध्ये तीव्र इंधनटंचाई'. दिसायला किती निरुपद्रवी. पण टंचाई आपोआप होते, पाऊस नाही पडला की होते तशी, आणि नाकाबंदी कोणीतरी करतं. मी त्या एका शब्दात 'कोणी केलं' हा प्रश्नच वाचकाच्या समोरून उचलून नेला. दोन्ही बाजूंचं म्हणणं एका ओळीत देता आलं असतं, जागा होती. आज तो मथळा आठवला की अस्वस्थ व्हायला होतं.

असंच 'ठार झाले' आणि 'ठार केले' यांचं. कुठल्या देशाच्या सैन्याने गोळ्या घातल्या की माणसं 'ठार केली' जातात आणि कुठल्या देशाच्या गोळीबारात ती आपोआप 'ठार होतात', हे महिनाभर पेपर पुढे ठेवून बघा. मराठीत कर्ता गाळणं फार सोपं आहे, वाक्य लंगडंसुद्धा वाटत नाही.

पर्वरीचा_दत्ता

मला हे पटत नाही, स्पष्ट लिहितो. शब्द बदलून देशाचं वागणं बदलत नाही. शेजाऱ्याने खोडी काढली तर तिला आगळीकच म्हणणार ना, का 'मतभिन्नता' म्हणायचं? आणि गुळगुळीत शब्द हे काही प्रामाणिक असतात असं नाही. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनमध्ये रणगाडे घातले आणि घरच्या पेपरांना सांगितलं की याला युद्ध म्हणायचं नाही, आक्रमण म्हणायचं नाही, 'विशेष लष्करी मोहीम' म्हणायचं. ४ मार्चला कायदाच केला, सैन्याविषयी खोटी माहिती पसरवली असं ठरवून १५ वर्षांपर्यंत तुरुंग. तिथे ज्यांनी 'युद्ध' हा कडक शब्द वापरला तेच खरं बोलत होते. उद्या आपले पेपर सगळ्यांनाच 'म्हणाले', 'सांगितले' लिहायला लागले तर खोटं बोलणारा आणि खरं बोलणारा एकाच ओळीत बसतील. वाचकाला कोणीतरी सांगायला नको का की हा माणूस थापा मारतोय?

फोंड्याचे_काका

दत्ताचा मुद्दा बरोबर आहे पण तो अर्धा आहे, आणि उरलेला अर्धा आपल्या गोव्यातच घडलेला आहे म्हणून लिहितो. मी १९६१ मध्ये अकरा वर्षांचा होतो.

आमच्या शाळेत भिंतीवर नकाशा होता त्यात पोर्तुगाल, अंगोला, मोझांबिक आणि आम्ही एकाच रंगात. १९५१ पर्यंत पोर्तुगालच्या घटनेत आम्हाला वसाहत म्हणत. त्या वर्षी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने घटना दुरुस्त केली आणि शब्द बदलला, 'प्रोव्हिन्सिया उल्त्रामारिना', म्हणजे समुद्रापलीकडचा प्रांत. घरात एक माणूस बदलला नाही, पोलीस तेच, तुरुंग तेच, सत्याग्रहींना मार तोच, फक्त शब्द बदलला. आणि १९५५ च्या डिसेंबरात पोर्तुगाल युनोत गेला तेव्हा तिथे सांगितलं की आमच्याकडे वसाहती नाहीतच हो, सगळे प्रांत आहेत, तेव्हा वसाहतींचा हिशेब आम्ही कशाला देऊ. तो शब्द खोडून काढायला युनोला १५ डिसेंबर १९६० चा ठराव करावा लागला, त्यात गोव्याचं नाव आहे. एका शब्दाने पाच वर्षं तग धरला.

दुसरं, पोर्तुगीज कागदांत भारताला 'इंडिया' म्हणत नसत, 'युनियांव इंदियाना' म्हणत, भारतीय संघराज्य. कारण 'इंडिया' म्हणजे त्यांच्या लेखी आम्ही, गोवा-दमण-दीव, पोर्तुगालचं इंडिया राज्य. म्हणजे पलीकडे जो एवढा मोठा देश उभा राहिला त्याला त्याचं नावसुद्धा द्यायचं नाही. लहानपणी मला खरंच वाटायचं की युनियांव हा कोणी वेगळाच देश आहे आणि माझी मावशी सावंतवाडीला राहते ती परदेशात राहते.

आणि १९६१ चा १९ डिसेंबर, भारतीय सैन्याने गोवा ताब्यात घेतला तो दिवस. आपण त्याला मुक्ती म्हणतो, लिस्बनच्या पेपरांनी 'इन्व्हाझांव' म्हटलं, आक्रमण. इंग्लंड-अमेरिकेतल्या बऱ्याच पेपरांनीही आक्रमणच लिहिलं, गांधींचा देश आणि हे काय करतोय असा सूर. १८ तारखेला सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्धचा ठराव ७ विरुद्ध ४ मतं पडून रशियाच्या नकाराधिकाराने अडला. आपल्याविरुद्ध मत देणाऱ्या देशांतल्या साध्या माणसाने सकाळी पेपरात काय वाचलं असेल? भारत आक्रमक झाला. साडेचारशे वर्षांचं त्याला कुठे माहीत असणार. पोर्तुगालने हे सामिलीकरण मान्य केलं ते थेट ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, तेही तिकडची हुकूमशाही पडल्यावर.

माझ्या ओळखीच्या एका घरात आजसुद्धा जेवताना म्हातारा 'मुक्ती' म्हणतो आणि त्याचा धाकटा भाऊ 'इन्व्हाझांव' म्हणतो, दोघंही त्या दिवशी त्याच घराच्या व्हरांड्यात उभे होते. तेव्हा दत्ता, कडक शब्द कधी खरा असतो हे मान्य, रशियाचं तू म्हणतोस तसंच आहे. पण आपण स्वतः एकदा दुसऱ्याच्या पेपरात 'आक्रमक' झालेलो आहोत. म्हणून मी दुसऱ्या देशाविषयी जोराचा शब्द वाचला की आधी विचारतो, हा शब्द काय घडलं ते सांगतोय का लिहिणाऱ्याला काय वाटलं ते?

तारवटी_वास्को

काकांनू, सलाम. मी बोटीवर असतो, घरी वर्षातून तीन महिने, म्हणून थोडक्यात.

बोटीवर १५-२० देशांची पोरं एका मेसमध्ये जेवतात. २०२१ मध्ये करोनाचा तो नवा प्रकार आला तेव्हा जगभरच्या पेपरांत एकच शब्द, 'इंडियन व्हेरियंट'. फिलिपिन्सची पोरं माझ्या टेबलावरून उठून दुसरीकडे बसायला लागली. मी आठ महिने भारतात पाऊल ठेवलेलं नव्हतं! ३१ मे ला डब्ल्यूएचओने डेल्टा नाव दिलं आणि मग हळूहळू परत आले. राग आला होता फार. पण घरच्या ग्रुपवर बघितलं तर आमचीच माणसं 'चायनीज व्हायरस', 'आफ्रिकन स्ट्रेन' लिहीत होती आणि मीसुद्धा त्यातले चार फॉरवर्ड केले होते. १९१८ च्या साथीचंही तेच, स्पेन महायुद्धात नव्हता म्हणून तिथल्या पेपरांवर युद्धाची सेन्सॉरशिप नव्हती, त्यांनी आजाराबद्दल मोकळेपणी छापलं आणि बदल्यात कायमचं नाव मिळालं स्पॅनिश फ्लू. आणि १९९४ चा सुरतचा प्लेग, मेलेली माणसं पन्नासच्या आसपास, पण बाहेर 'इंडिया' आणि 'प्लेग' असे दोन शब्द शेजारी छापले गेले आणि आखातातल्या काही देशांनी भारताची विमानंच बंद केली.

गोव्यात 'नायजेरियन' शब्दाचं काय झालं ते बघा ना. २०१३ च्या ऑक्टोबरात पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला, दुसऱ्या दिवशी त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि त्यावर एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली, नंतर माफी मागितली. खून झालेला माणूस त्यांचा होता हे आज कितीजणांना आठवतं? माझ्याबरोबर लागोसचा एक थर्ड इंजिनियर होता, रात्री ड्यूटीवर इतका शांत माणूस मी बघितला नाही. २० कोटींच्या वर लोकसंख्या, ५०० च्या वर भाषा, १९८६ चं साहित्याचं नोबेल त्यांच्या देशात, आणि आपल्याकडे त्या देशाचं नाव म्हणजे ड्रग्जच्या बातमीतला एक शब्द. दुसऱ्या कोणाला पकडलं तर 'युवकाला अटक', यांना पकडलं तर देशासकट.

पर्वरीचा_दत्ता

काकांचं उत्तर वाचून थोडा विचार केला. 'आक्रमण' हा शब्द घटनेचा आहे, रणगाडे गेले का नाही गेले हे तपासता येतं. 'मुजोरी' तपासता येत नाही, ती वाटते. एवढा फरक मला मान्य. पण मथळा वाचणारा आपण सगळे जण आहोत, डेस्कवाल्यांवर सगळं टाकू नये. खडसावलेला मथळा मीच आधी उघडतो मोबाईलवर.

जुना_डेस्कवाला

दत्ताभाऊ, डेस्कवाल्यांवर टाका, आमचं ते कामच होतं. वाचकाला दोन मिनिटं असतात, आम्हाला पगार मिळायचा.

ताई, एक करून बघा. दाजूबरोबर बसून आठवडाभर विदेशच्या पानावर फक्त क्रियापदांखाली रेघ मारा, बाकी काही नको. मग बघा कोणत्या देशापुढे काय येतं.

मांद्र्याची_सून

केलं. आठवडाभर दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर दोघं बसलो, लाल पेन घेऊन. सगळ्या पानांचं सांगत नाही, पण डेस्कवाल्या काकांनी जी उतरंड सांगितली ती जशीच्या तशी आहे, आणि एकदा दिसायला लागली की मग बंद करता येत नाही. 'चिमुकला नेपाळ' असं दोनदा आलं. दाजूला मी गोव्याचं क्षेत्रफळ सांगितलं, ३,७०२ चौरस किलोमीटर, त्याने मोबाईलवर त्याच्या देशाचं काढलं, दीड लाखाच्या जरासं खाली. भागाकार करून बघितला, जवळपास ४० गोवे मावतात. तो हसला नाही, मीही नाही. वर म्हणाला आमच्यावर कोणाचं राज्य कधी आलं नाही दिदी, तुमच्याकडे तर ४५१ वर्षं होतं ना. मग मला आठवलं की आमच्याकडे येणारी गिऱ्हाइकं त्याला 'ए बहादूर' म्हणून हाक मारतात, सहा वर्षं मी ते ऐकतेय आणि एकदाही कोणाला नाव सांगितलं नाही त्याचं. आता सांगते.

शुक्रवारी मात्र मीच त्याला म्हटलं की आता तुमच्या पेपरातलं दाखव, आमच्याविषयी काय लिहितात. तो जरा घुटमळला. मग मोबाईलवर एक नेपाळी पेपर उघडला आणि वाचायला लागला. भारताच्या बातमीत सारखा एक शब्द येत होता, 'मिचाहा', आणि दुसरा 'हेपाहा'. मी अर्थ विचारला. मिच्ने म्हणजे दुसऱ्याची हद्द हळूच सरकवून आत घ्यायची, शेताचा बांध कोरतात तसं. आणि हेप्ने म्हणजे समोरच्याला लहान समजून दाबायचं. मी विचारलं तुला खरं वाटतं का हे. बराच वेळ काही बोलला नाही, कांद्याची पाटी जवळ ओढली आणि म्हणाला, "गावी होतो तेव्हा वाटायचं."

मग त्याने ती हिशेबाची वही काढली, शेवटच्या पानावर कुरापतीच्या खाली जागा होती तिथे ते दोन शब्द लिहिले, आणि पुढे मराठी अर्थ मला लिहायला सांगितला.